सावंत मास्तरांचा हुकूम

सावंत मास्तर कुत्र्याकडे बघायच्या आधी त्याला घेऊन आलेल्या माणसाच्या पायांकडे बघायचे. मी पहिल्यांदा त्यांच्या मैदानावर गेले तेव्हा आमचा ब्रूनो पट्टा ताणून भुंकत होता, मी दोन्ही हातांनी त्याला मागे खेचत होते, आणि खाकी हाफपँटमधला हा काटकुळा माणूस शांतपणे माझ्या चपला निरखत होता.

"बाई, मागे तुम्ही सरकताय, तो नाही," ते म्हणाले. "आधी तुम्ही उभ्या राहायला शिका. मग त्याला बसायला शिकवू."

मुलुंडला डोंगराच्या बाजूला एका बंद पडलेल्या कारखान्यामागे ते मैदान होतं. रविवारी सकाळी तिथे ठाण्यापासून घाटकोपरपर्यंतची माणसं आपापले अल्सेशियन आणि डॉबरमन घेऊन यायची. मास्तर मूळचे कुडाळकडचे. भांडुपच्या एका कारखान्यात राखणीची कुत्री तयार करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर ते लोकांची कुत्री शिकवू लागले. आवाज खणखणीत, बोलणं तोडून टाकणारं. पट्ट्याऐवजी ते कुत्र्याच्या गळ्यात एक साखळी घालत. झटका दिला की ती आवळली जायची, सोडली की सैल पडायची. "कुत्र्याला लाड कळत नाहीत आणि भाषण तर नाहीच नाही," ते म्हणत. "त्याला साखळी कळते." ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या भागात तरी याहून वेगळी पद्धत कोणाला ठाऊक नव्हती, आणि मास्तरांच्या हातून गेलेलं कुत्रं चौकातल्या गर्दीतही मालकाच्या टाचेला चिकटून चालतं, असा त्यांचा लौकिक होता.

ब्रूनो माझ्या मोठ्या भावाचा. भाऊ नोकरीसाठी आखातात गेला आणि हा दांडगा कुत्रा तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, आई आणि मी अशा दोघींच्या गळ्यात पडला. मी दिवसभर बँकेत. आईला त्याला फिरवणं झेपेना. भाऊ गेल्यापासून तो दारावरच्या प्रत्येक आवाजावर धावून जायला लागला, आणि एक दिवस शेजारच्यांच्या पाहुण्यांची पोटरी त्याने फाडली. सोसायटीची सभा भरली. सेक्रेटरी म्हणाले, "महिन्याभरात सरळ करा, नाहीतर बाहेर काढा." चावऱ्या कुत्र्याला कोण घेणार? बाहेर काढा म्हणजे सुई देऊन संपवा, हे न बोलताही सगळ्यांना समजलं होतं.

मास्तरांच्या हाताखाली ब्रूनो भराभर शिकला. 'सिट' म्हटलं की बसायचा, 'स्टे' म्हटलं की हलायचा नाही. जिन्यातून माणसं गेली तरी भुंकायचा नाही. सेक्रेटरींनी मला थांबवून कौतुक केलं. पण घरात तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. मी खोलीत असले की जेवायचा नाही. साखळी खुंटीवरून काढली की उभ्या जागी मुतायचा. आई त्याने भिजवलेली लादी पुसता पुसता म्हणाली, "नलू, हा आपला ब्रूनो नाही गं. कोणीतरी दुसरंच आणून ठेवलंय."

मी हे मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "धाक बसतोय. बसू दे."

त्यांची मुलगी कुंदा तेव्हा परळला जनावरांची डॉक्टरकी शिकत होती. आईविना वाढलेली, बापासारखीच थेट बोलणारी. रविवारी बापासाठी चहाची किटली घेऊन ती मैदानावर यायची. मास्तर बाजूला गेले की ती ब्रूनोकडे बघत राहायची. एकदा मला म्हणाली, "शेपूट बघ. पोटाला चिकटलीय. तो सुधारला नाही गं, गप्प झालाय. गप्प झालेलं कुत्रं जास्त वाईट. चावायच्या आधी ते गुरगुरायचंही बंद करतं."

तिने कॉलेजच्या वाचनालयात परदेशी पुस्तकं वाचली होती. कुत्र्याने हवं ते केलं की त्याच क्षणी त्याला खाऊ द्यायचा, नाही केलं तर दुर्लक्ष करायचं, मारायचं नाही, असं त्यात होतं. ती हे बोलली की मास्तर भडकायचे.

"ही लाच झाली."

"पगार झाला, बाबा. तुम्ही कारखान्यात फुकट राबलात का?"

"माका शिकवू नको गो. खाऊसाठी बसलेलं कुत्रं खाऊ संपला की उठतं. माझा वाघ्या उठला नाही."

वाघ्याची गोष्ट मैदानावर येणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली असे. वाघ्या हा त्यांचा कारखान्यातला अल्सेशियन. मास्तरांनी त्याला मागच्या गोदामापाशी 'स्टे' सांगून बसवलं होतं. गोदामाला आग लागली. माणसं पळाली, पत्रे तडकून उडायला लागले, पण वाघ्या जागेवरून हलला नाही. तिथेच मेला. "हलला नाही," मास्तर सांगायचे, आणि सांगताना त्यांची छाती भरून यायची. ऐकणारे माना डोलवायचे. कुंदा मात्र तिथून उठून जायची.

महिना संपत आला होता. त्या रविवारी मास्तरांना ब्रूनोची शेवटची परीक्षा घ्यायची होती. त्यांनी त्याला 'डाऊन' सांगितलं आणि एका अनोळखी माणसाला त्याच्यावरून ओलांडून जायला लावलं. ब्रूनो पडून राहिला नाही. उठला. मास्तरांनी झटका दिला. तो पुन्हा उठला. मग मास्तरांनी साखळी वर खेचली, इतकी की त्याचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले. मैदानावरची बाकीची कुत्रीही गप्प झाली. ब्रूनोच्या घशातून घरघर येत होती, जीभ काळीनिळी पडत होती.

"मास्तर, सोडा," मी म्हणाले.

"आता सोडला तर तो जिंकला."

"बाबा, तो मरतोय," कुंदा म्हणाली. किटली तिने खाली ठेवली होती आणि ती चालत पुढे येत होती.

मास्तरांनी हात किंचित खाली आणला. ब्रूनोचे पंजे मातीला लागले आणि त्याच क्षणी, जराही न गुरगुरता, त्याने मास्तरांच्या उजव्या हाताचा कोपराखालचा भाग तोंडात धरला. दात आत गेलेले मला दिसले. मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने त्याचा जबडा सोडवला, त्याला खांबाला बांधलं, आणि मगच नळाखाली हात धरला. कुंदा साबण लावून जखम धूत होती. पाणी लाल वाहत होतं.

"हा कुत्रा आता ठेवण्यातला नाही," ते मला म्हणाले. "मी याच्याहून वाईट कुत्री बघितलीत, पण शिकवणाऱ्यावर उलटलेल्याला इलाज नाही. उद्याच डॉक्टरकडे न्या."

"उद्या नाही," कुंदा म्हणाली. "चावलेलं कुत्रं दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. पिसाळलेलं आहे की नाही ते त्याशिवाय कळत नाही. तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही."

सोसायटीने त्याला आत घ्यायला साफ नकार दिला. कुंदाने त्याला स्वतःच्या घरी नेलं. मैदानालगतच त्यांचं बैठं घर होतं, मागे कुंपणाचं अंगण आणि पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये ब्रूनोला लांब दोरीने बांधलं. म्हणजे ज्याला संपवावं असं मास्तरांचं म्हणणं होतं, तो रोज त्यांच्या ओट्यासमोर होता.

मी बँकेतून सुटले की तिकडे जायचे. मास्तर नुकतेच दवाखान्यातून आलेले असायचे. तेव्हा कुत्रं चावल्यावरची इंजेक्शनं पोटात घ्यावी लागत. ते पोटाला हात धरून ओट्यावर बसायचे आणि समोर बघायचे. कुंदा शेडपासून लांब, ब्रूनोकडे पाठ अर्धी वळवून मातीत बसलेली असायची. हातात उकडलेल्या कलेजीचे तुकडे. ती ब्रूनोकडे बघायची नाही, बोलायचीही नाही. तो जरा पुढे आला की एक तुकडा मागे टाकायची. सुरुवातीला तुकडे तसेच पडून राहायचे, मुंग्या लागायच्या. मग एक दिवस मी गेले तेव्हा जमीन स्वच्छ होती.

"भीक घालतेय," मास्तर पुटपुटले. पण ते उठून आत गेले नाहीत.

एका संध्याकाळी त्या बापलेकीत माझ्यादेखत ठिणगी पडली. मास्तर पुन्हा वाघ्यावर आले. कुंदाने हात झटकले आणि म्हणाली, "वाघ्या हलला नाही कारण हलला असता तर तुम्ही त्याला आगीपेक्षा वाईट मारलं असतं. ते इमान नव्हतं, बाबा. भीती होती."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं ते तिच्यावर हात उगारतील. त्यांनी उगारला नाही. आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

दहा दिवस संपत आले असताना कुंदाची परीक्षा होती. मी संध्याकाळी एकटीच गेले. फाटक उघडून आत पाऊल टाकलं आणि थबकले. ब्रूनोने दोरी चावून तोडली होती. तो अंगणाच्या मधोमध उभा होता, मान खाली, दात उघडे. त्याच्यासमोर चार हात अंतरावर मास्तर, पाठीला ओट्याची भिंत. माझ्या मागे रस्त्यावर मुलं क्रिकेट खेळत होती.

"फाटक लाव," मास्तर म्हणाले. "हळू. बाहेर नको जाऊस, धावू नको."

मी पाठीमागे हात नेऊन कडी लावली. मास्तरांनी तोंड उघडलं. हुकूम आता सुटणार असं मला वाटलं. त्यांचा आवाज असा होता की एका 'स्टे'वर ब्रूनो दगडासारखा थिजला असता, किंवा त्यांच्या गळ्यावर झेपावला असता. मास्तरांनी तोंड मिटलं. मग हळूहळू त्यांनी मान वळवली, खांदा वळवला, आणि ब्रूनोकडे अर्धी पाठ केली. कुंदा करायची तसं. आयुष्यभर कुत्र्यांच्या डोळ्यांत डोळे घालून उभा राहिलेला माणूस भिंतीकडे बघत होता, आणि त्याच्या मानेवरून घाम निथळत होता.

ओट्याच्या कडेवर कलेजीची वाटी होती. त्यांनी पट्टी बांधलेल्या हाताने ती चाचपली आणि एक तुकडा जमिनीवर पडू दिला. ब्रूनो गुरगुरला. मास्तर हलले नाहीत. दुसरा तुकडा पडला, जरा शेडच्या दिशेने. गुरगुर थांबली. त्याने हुंगलं, उचललं. मास्तर एक एक तुकडा शेडकडे टाकत गेले, आणि ब्रूनो त्यामागे आत गेला. मी धावत जाऊन शेडचं दार लोटलं.

मास्तर ओट्यावर बसले. मी पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं. मग म्हणाले, "वाघ्याक मी हाक मारूक नाय."

मला नीट कळलं नाही.

"'स्टे' मी सांगितलं होतं. उठायचा हुकूमही मीच द्यायचा होता. आग लागली नि मी पळालो. बाहेर आल्यावर आठवलं. तेव्हासुद्धा हाक मारली असती तर आला असता तो. घशातून आवाज फुटला नाही माझ्या." ते गटकन पाणी प्यायले. "तो हलला नाही म्हणून सांगत फिरतो लोकांना."

कुंदा परत आली तेव्हा त्यांनी तिला यातलं काही सांगितलं नाही. "कलेजी संपलीय," एवढंच म्हणाले. सकाळी ते स्वतः बाजारात गेले आणि कलेजी घेऊन आले.

सोसायटीने ब्रूनोला परत घेतलं नाही. तो सावंतांकडेच राहिला. आई दर रविवारी त्याला भेटायला जायची, आणि तिच्या मांडीवर डोकं टाकून तो पडायचा. मास्तर पुन्हा मैदानावर जाऊ लागले, पण साखळी त्यांनी कोणाच्या गळ्यात घातली नाही. बरीच गिऱ्हाइकं तुटली. जुहूहून गाडीने येणारे एक गृहस्थ तोंडावर हसले: "मास्तर, तुम्ही तर कुत्र्यांचे आचारी झालात." मास्तर त्यांना म्हणाले, "मग दुसरीकडे जा." कुंदाचं बरोबर होतं असं ते कधीही म्हणाले नाहीत. जेवणाच्या पानावर भांडणं चालूच राहिली, पण आता ती कुठल्या कुत्र्याला काय आवडतं यावरून व्हायची.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कुंदाने मुलुंडलाच काढलेल्या छोट्या दवाखान्यात. ते खूप थकले होते, हृदय साथ देत नव्हतं. तरी रोज येऊन बाकावर बसायचे. त्या दिवशी कोणीतरी रस्त्यावर गाडीखाली सापडलेलं एक कुत्रं आणलं. ते टेबलाखाली घुसलं, बाहेर येईना, हात लावू देईना. मास्तर बाकावरून उतरले आणि लादीवर बसले, तोंड दाराकडे करून. बसताना गुडघे वाजलेले मला ऐकू आले. ते तसेच बसून राहिले. शेवटी ते कुत्रं सरपटत बाहेर आलं आणि त्यांच्या पाठीला टेकून पडलं. कुंदाने तिथेच, लादीवर, त्याच्या पायाला पट्टी बांधली.

काम झाल्यावर मी मास्तरांना उठवायला हात पुढे केला. त्यांचा चेहरा दुखण्याने पिळवटला होता.

"बसू दे जरा," ते हळूच म्हणाले. "मी उठलो तर घाबरेल तो."