कल्हईच्या भट्टीपाशी वाचलेला पहिला शब्द

यूसुफ गेला.

सकाळी त्याच्या मुलाचा फोन आला. मी सांगतोय, नात मोबाईलवर टाईप करतेय.

नव्वदी ओलांडलेल्या माणसाचं फार दुःख करू नये म्हणतात. करत नाही. एक गोष्ट तेवढी सांगून ठेवतो.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातल्या शिरूरला आमची शाळा उर्दूत होती. बहुतेकांच्या घरात मराठी. मास्तरसाहेब औरंगाबाद शहरातल्या उर्दू घरातले, त्यांना मराठी येत नव्हतं.

आम्ही सगळे एका सुरात धडा म्हणायचो. पाठ झालेला.
वाचता जवळपास कुणालाच येत नव्हतं.

मास्तरसाहेबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी जोड्या लावल्या. घरी उर्दू बोलणारा एक, मराठी बोलणारा एक. दोघांत एक पुस्तक.

माझ्या वाट्याला यूसुफ आला. कल्हईवाल्याचा मुलगा, अक्षरात आमच्यापेक्षा पुढं.

नियम एकच. "साथी अटका, तो बताना नहीं. ठहरना."

यूसुफ थांबायचा. मी फारच अडलो की नुसते ओठ हलवायचा, आवाज न करता. ओळीवर बोट मात्र त्याचंच.

एक दिवस तो आलाच नाही. नंतरही नाही. बापानं भाता ओढायला बसवलं होतं.

माझं वाचन बंद पडलं. वडील म्हणाले, "येत न्हाई त साळंत जातो कावून? उद्यापून गुरं राख."

मी रडत मास्तरसाहेबांना सांगितलं. ते अख्खा क्लास घेऊन कल्हईच्या दुकानासमोर गेले. आम्ही रस्त्यातच जोडीजोडीनं बसलो.

यूसुफचा बाप म्हणाला, "साब, पोट्टा काम पे है."

"हाथ काम पे हैं. मुंह तो खाली है."

मी भात्याजवळ बसलो, पुस्तक मांडीवर. यूसुफचे हात गुंतलेले. बोट मलाच ठेवावं लागलं.

पे. अलिफ. नून. ये. चार अक्षरं.

मी त्याच्या ओठांकडे पाहिलं. तो निखाऱ्यांकडे बघत राहिला.

"पानी," मी म्हणालो. मग हळूच, "पाणी हाय हे."

"हाय ना," यूसुफ म्हणाला. भाता चालूच.

त्याच्या बापानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "ये तो मराठे का लडका. इसकू पढना आताय?"

"आपके बेटे ने सिखाया," मास्तरसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून यूसुफ सकाळी शाळेत, दुपारी भट्टीवर. चौथीपर्यंत तसं चाललं. मग नुसती भट्टी. माझी गुरं राखायची राहिली ती राहिलीच.

पुढं मी मराठी शाळेत मास्तर झालो. पुस्तकं मुबलक आली तरी पहिलीला दोघांत एकच द्यायचो. लोकांना तो कंजूषपणा वाटायचा.

म्हातारपणी एकदा यूसुफला विचारलं, "त्या दिवशी भट्टीपाशी सांगितलं कावून न्हाई बे?"

"सांगितलं आसतं त रोज इचारायला आला आसता. मला कुठं टाइम व्हता."

दुपारच्या नमाजनंतर दफन आहे. नात म्हणते, ऊन लई आहे, जाऊ नका.

मी निघालोय.

सलाम, यूसुफ. नीट जा.