आधी पायी, मग गाडी

माहेरी मला कुणी सायकललाही हात लावू दिला नव्हता. जीप शिकवली ती सासऱ्यांनी. जन्मभर ट्रक दुरुस्त केलेला माणूस, पण खोड अशी की झाडीतला चढ असो की उतार, आधी पायी चालून बघायचा, मगच गाडी घालायची.

त्या दिवशी डोंगरातल्या कच्च्या वाटेवर मी चालवत होते आणि ते दर वळणाला उतरत होते. दुपारपर्यंत माझं डोकं फिरलं. "बाबा, अशानं आपण पायीच पोचू," मी म्हणाले. पुढच्या वळणाला ते पुन्हा उतरले.

शेवटचा उतार पाहून मात्र माझी बोबडी वळली.

"पहिल्या गिअरमध्ये येऊ दे. ब्रेक दाबू नकोस, माझ्याकडे बघ," म्हणत ते दुखऱ्या गुडघ्यांनी गाडीपुढे उलटे चालू लागले. हातानं डावं-उजवं दाखवत त्यांनी मला पार खाली आणलं.

"गाडी घसरली असती तर?" मी विचारलं.

ते चष्मा पुसत होते. "तर चूक माझी. शिकवलंय कुणी तुला?"

परतताना पहिल्याच चढाला मी गाडी थांबवली. "तुम्ही बसा बाबा," मी म्हणाले, "मी चालून बघून येते."