आत्याचा मान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि दर ईस्टरच्या आधी कबुलीला जाऊन ज्या जाळीपाशी गुडघे टेकून बाकीची पापं घडाघडा बोलतो, त्या जाळीपलीकडच्या फादरांनाही नाही. चिडलो, उपवास मोडला, शेजाऱ्याची निंदा केली — सगळं सांगतो. हे मात्र जिभेवर येतं आणि मी गिळतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आम्ही दोघं भावंडं. मी मोठा, स्टेला धाकटी. तिला मुलगा म्हणून वाढवलं होतं. तेव्हाचं नाव इथं लिहीत नाही, तिला ते ऐकवत नाही. वडील चादरीच्या कारखान्यात. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला आम्ही एका सायकलवर जायचो. पेडल माझं, ती पुढं दांडीवर, आणि सात रस्ता चौक येईपर्यंत तिची गाणी. काय गळा होता! नाताळात कामट्या आणि पतंगाच्या कागदाची चांदणी करायचो. खळ ती शिजवायची, आणि बोटं माझी भाजायची. अजून डिसेंबर आला की मला त्या खळीचा वास येतो, खरंच येतो.

आणि गड्ड्याची जत्रा. ख्रिस्ती असलो म्हणून काय झालं, सोलापूरचेच की आम्ही! एका वर्षी तिनं पाळण्यात बसायचं सोडून हिरव्या बांगड्या घेतल्या. म्हणाली, "दादा, तुझ्या दप्तरात ठेव की. तुझं दप्तर आई बघत न्हाय." ठेवल्या. दुपारी आई शेजारी गेली की ती त्या घालायची, हात हलवून आवाज ऐकायची, आणि मी दारात पहारा द्यायचो. कुणाला एका शब्दानं बोललो नाही. दहा वर्षांचा होतो मी — आणि आजच्यापेक्षा मोठा होतो.

पुढं ती पुण्याला गेली, नर्सिंग होममध्ये लागली, आणि एक दिवस स्टेला होऊन घरी आली. आईनं आठ दिवस जपमाळ खाली ठेवली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "देवानं दिलेलं लेकरू हाय. कुटं टाकू मी?" आणि तिला जेवायला वाढलं. आई फार शिकलेली नव्हती. मी शिकलोय, पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या कमिटीवर आहे, मिस्सेत वाचन करतो. मग मला काय झालं होतं?

येतो, मुद्द्यावर येतो.

माझी मुलगी झाली तेव्हा आई नव्हती. आमच्या घरची एक रीत आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आत्या बाळाला कडेवर घेऊन उभी राहते, आणि फादरांनी "बाळाचं नाव काय?" विचारलं की उत्तर ती देते. बारशाचा मान आम्ही चर्चमध्ये नेला, इतकंच. बातमी कळल्या कळल्या स्टेलाचा फोन — "दादा, मानाची आत्या हाय मी! सोडणार न्हाय बघ." हसत होती, मधेच रडत होती. तिला जगात कुणीतरी आत्या म्हणणार होतं. ते तिच्यासाठी काय होतं, हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोयही मला नाही.

मी फादरांकडे गेलो. खरं सांगू? ते नाही म्हणतील या आशेनं गेलो. म्हाताऱ्या फादरांनी आधी मला बसवलं. म्हणाले, शरीर बदलण्याबद्दल चर्चची शिकवण तुला ठाऊक आहे, ती मी बदलू शकत नाही. गॉडमदर म्हणून नोंदीचं वर बिशपांना विचारावं लागेल. मग म्हणाले, "पण पोरीला कडेवर घेऊन उभी राहू दे की. देवाच्या घरात आत्याला कोण अडवतंय? येऊ दे तिला."

येऊ दे तिला. असंच म्हणाले.

आणि मी घरी येताना फक्त त्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर निघणारा फोटो डोळ्यांपुढं बघत होतो. सासरची माणसं, कमिटीची माणसं, आणि मधोमध साडी नेसलेली उंच स्टेला. लोक काय म्हणतील — एवढंच. ना देव, ना शिकवण.

फोन लावला. म्हणालो, "फादर न्हाय म्हणाले गं. शिकवणीत बसत नाही." ती काही बोलेना. ती शांतता मला सोसेना, म्हणून वर आणखी घातलं, "लई भांडलो मी तुझ्यासाठी." तेव्हा म्हणाली, "जाऊ दे दादा. तू भांडलास की."

बाप्तिस्म्याला बाळाचं नाव बायकोच्या चुलतबहिणीनं सांगितलं. स्टेला त्यानंतर कुठल्याच चर्चची पायरी चढली नाही. पुण्यातही नाही. तो गळा तिनं घरात ठेवला. म्हातारे फादर गेले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीला तिनं यावं असं मला वाटलं नाही, आणि ती आलीही नाही.

आता मुलगी आठ वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात तिचं पहिलं कम्युनियन, मिस्सेत पहिल्यांदा पवित्र भाकर घ्यायचा दिवस. परवा तिनं माझ्यासमोरच आत्याला फोन केला, स्पीकरवर. "आत्या, तू चर्चमध्ये माझ्याशेजारी बसायचं!"

"न्हाय गं सोन्या. मला चालत न्हाय तितं. फादरांनी सांगितलंय. घरी येते की मी, तुझ्या केसांत फुलं माळायला." मग आवाज हलका करून म्हणाली, "पण तुला ठाऊक हाय का, तुझे पप्पा माझ्यासाठी फादरांशी भांडले होते? अख्ख्या सोलापुरात एकटे भांडले."

पोरगी माझ्याकडं वळली. तिचे डोळे अभिमानानं भरले होते. "खरंच, पप्पा?"

मी म्हणालो, हो.