सुभेदारांचा मोमेंटो

लखनौत असताना मी लाकडावरची नक्षी काढून द्यायचे. काढून म्हणजे कॉम्प्युटरवर. कोरायचं काम चिनहटमधल्या एका शेडमधलं राउटर मशीन करायचं. मशीन तिथल्या मालकाचं, ऑर्डरी माझ्या. निशातगंजच्या आमच्या दोन खोल्यांत रेषा जुळवायच्या, फ्लॉपीवर भरायच्या आणि किनेटिक काढून फैजाबाद रोडने चिनहट गाठायचं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे या शहरात आले होते, आणि नागपुरात शिकलेलं कमर्शियल आर्ट वाया जाऊ द्यायचं नाही, एवढा माझा हट्ट होता.

गोमती नगरात तेव्हा धडाधड बंगले उठत होते आणि प्रत्येकाला दारावर मोर हवा असायचा. मोराचा मला वीट आला होता. एकाने तर पलंगाच्या डोक्याशी मोरांची जोडी मागितली, वर म्हणाला, "मैडम, चेहरे पे मुस्कान हो." मोराने हसायचं कसं, हे काही त्याने सांगितलं नाही.

छावणीतल्या ऑर्डरी मात्र मी मनापासून करायचे. फौजेत कुणाची बदली झाली की युनिट त्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही. शिसमाच्या ढालीवर युनिटचं चिन्ह, खाली हुद्दा आणि नाव, आला कधी, निघाला कधी, आणि 'सप्रेम विदाई'. मोमेंटो म्हणतात त्याला. फौजी घरांत बैठकीच्या भिंतीवर असे मोमेंटो ओळीने टांगलेले दिसतात. ते पाहिले की माणूस कुठे कुठे राहिला ते विचारावं लागत नाही.

एका हिवाळ्यात असाच एक मोमेंटो आला. सुभेदार, आपल्याकडचेच, कागल भागातले. त्यांना एनसीसीत कोल्हापूरला पोस्टिंग मिळालं होतं. ऑर्डर घेऊन आलेला युनिटचा क्लार्क म्हणाला, साहेब मिठाई वाटत फिरताहेत. मोमेंटो कोरून झाला, पॉलिश तेवढं बाकी होतं, आणि क्लार्क पुन्हा आला. दारातच उभा राहिला. सकाळची दौड करून आल्यावर सुभेदारांच्या छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आता विदाईचा मोमेंटो नको, त्याच्या जागी स्मृतीचा करा, असं युनिटने सांगितलं होतं. नावाआधी 'स्वर्गीय' घालायचं, खाली जन्म-मृत्यूचं साल.

मी चिनहटला फोन करून जुना मोमेंटो रद्द झाल्याचं सांगितलं. कारण सांगितलं नाही, मालकानेही विचारलं नाही. मग नवा काढायला बसले. वर एक पणती काढली, ज्योतीच्या दोन्ही बाजूंना कमळाच्या पाकळ्या. चांगली जमली होती. सुभेदारांना मी कधी पाहिलं नव्हतं, तरी ते नाव कॉम्प्युटरवर पुन्हा लिहिताना वाईट वाटत राहिलं.

तो कोरायला पाठवण्याआधीच त्यांची बायको आमच्याकडे आली. गावी सगळं उरकून, क्वार्टर रिकामं करायला भावाला घेऊन त्या परतल्या होत्या. भाऊ तिकडे लाकडी बॉक्स भरत होता. क्लार्ककडून पत्ता घेऊन त्या रिक्षाने एकट्याच आल्या. मी पाणी दिलं, पण त्यांनी पेला हातातच धरून ठेवला.

"ताई, नवा बनवलात का?"

मी त्यांना पणती दाखवली. त्या कॉम्प्युटरकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"छान आहे. पण हा नको मला."

"वहिनी, काही चुकलंय का? बदलते मी."

"चुकलं नाही हो. पण याला लोक हार घालणार. अगरबत्ती लावणार. घरात फोटो आहे तेवढ्यासाठी." त्यांचा आवाज चढला. "आमच्या भिंतीवर सगळ्या बदल्यांचे मोमेंटो आहेत. पठाणकोटचा आहे, जोधपूरचा आहे. लखनौचाही त्यांच्या रांगेतच लागला पाहिजे. नावाआधी सुभेदार असू दे. दुसरा शब्द नको. पहिला होता, तोच द्या. युनिटला मी सांगते."

मला एकदम धसका बसला. रद्द झालेली फळी मालक कधी पडून राहू देत नसे. शिसम महाग, म्हणून रंधा मारून कोरलेलं उतरवायचं आणि तिचं दुसरं काही करायचं, हा त्याचा शिरस्ता. हे वहिनींना सांगायचा मला धीर झाला नाही. "चला," एवढंच म्हणाले. त्यांनी शाल डोक्यावरून घट्ट ओढून घेतली आणि माझ्यामागे किनेटिकवर बसल्या.

शेडमध्ये जाऊन मालकाला विचारलं. त्याने भिंतीला टेकवलेल्या फळ्यांतून एक उचलून दाखवली. गुळगुळीत. चिन्हाचा मागमूस नव्हता, नावाचाही नाही.

"आपने ही तो कैंसिल कराया था, मैडम," तो मला म्हणाला.

वहिनींनी त्या कोऱ्या लाकडावरून हात फिरवला. जिथे नाव असतं, तिथे बोटं थांबली. मला रडू आवरेना. मी तोंड फिरवून ड्रॉवरमधल्या फ्लॉप्या चाळायला लागले. जुनी सापडली.

"यही फिर से काट दीजिए. अभी," मी म्हणाले.

मालकाने दुसरी, जाड फळी मशीनवर आवळली. राउटरचा आवाज असा की कानात दडे बसतात, पण वहिनी बाहेर जायला तयार नव्हत्या. चिन्ह उमटलं, मग हुद्दा, मग नाव. मधेच वीज गेली आणि जनरेटर लागेपर्यंत अर्ध्या नावाशी सगळं थांबलं. त्या तिथेच उभ्या राहिल्या. 'सप्रेम विदाई' पुरं झालं, तेव्हा त्यांच्या शालीवर भुशाचा थर बसला होता.

मालकाने ब्रशने मोमेंटो झाडला, कडा घासल्या. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मोमेंटो न्यायला आलेल्या कुठल्याही फौजी घरातल्या माणसाला तो जे विचारायचा, तेच त्याने विचारलं.

"बहनजी, साहब की पोस्टिंग कहाँ आई?"

मी काहीतरी बोलणार, तोच वहिनींनी माझं मनगट धरलं.

"कोल्हापूर," त्या म्हणाल्या. "एनसीसी में."

"अच्छा! अपने वतन की तरफ़?"

"हाँ भैया," त्या म्हणाल्या आणि मोमेंटो घ्यायला दोन्ही हात पुढे केले. "बहुत साल से माँग रहे थे."