डाव्या कोपऱ्यातलं शेपूट

वेरा हुदाकोवाच्या हातात फोटो द्यायचा म्हणजे भल्याभल्यांची तंतरायची. पेनसिल्व्हेनियातल्या नदीकाठच्या पोलाद कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती. पोलादाचा तुकडा आरशासारखा घासायचा, आम्लात बुडवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा फोटो काढायचा, हे तिथं सगळ्यांचंच काम. पण दर नाताळाला त्यातले उत्तम फोटो भिंतीवर लागायचे, नावं मागच्या बाजूला, आणि निवाडा करायची वेरा. फोटो ती आधी उलटा, वरची कड खाली करून धरायची. "सुलटा धरला की तुम्हाला पानंफुलं दिसतात," ती फटकारायची, "उलटा धरा, म्हणजे ओरखडे दिसतील!" लहानथोर सगळे तिला तेता म्हणायचे, म्हणजे स्लोव्हाकमध्ये आपली मावशी. माया होतीच, पण धाकही होता हो!

कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली. मोठी भट्टी पाडली, प्रयोगशाळेच्या जागी आता नुसतं गवत. यंदा युनियनच्या हॉलमध्ये जुनी मंडळी आपापले जुने फोटो घेऊन जमली, निवाडा पुन्हा वेराचाच. होलुब्कीचा, त्या कोबीच्या गुंडाळ्यांचा, तोच जुना वास दरवळत होता. वेराला भरून आलं.

तिनंही घरच्या भिंतीवरचा एक फोटो चौकटीसकट आणला होता. अठ्ठावन्न सालचा, तिच्या योझेफचा. त्याला तिनंच तेव्हा पहिला नंबर दिला होता, पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. योझेफ जाऊन तीन वर्षं झाली, आणि त्या नंबराचं एक कुसळ तिच्या मनात अजून सलत होतं.

"पहिला नंबर! बोलायचं कामच नाही," प्रयोगशाळेतला जुना सोबती मिलान दुर्कोता ओरडला. "तेता, नवऱ्याला खाली ढकललंस तर स्वप्नात येऊन भांडेल हो!"

"येऊ दे मेल्याला. तेवढीच भेट होईल."

तिनं फोटो उलटा धरला. "डाव्या कोपऱ्यात बघा. कण निखळलाय आणि मागे ओरखड्याचं शेपूट उठलंय. तुकडा फिरवत घासायचा सोडून एकाच दिशेनं घासला, की असंच होतं. मला तेव्हाही दिसलं होतं, आणि फोटो कुणाचा तेही ठाऊक होतं. तुम्हा सगळ्यांना ओरखड्यासाठी झापलं आणि याच्यापुरते डोळे मिटले. लबाडी केली मी. हा बाद."

मिलाननं फोटो हातात घेतला. निवाड्यानंतर मागचं नाव मोठ्यानं वाचायचं, ही रीत. नाव ठाऊक होतं, पण रीत ती रीत. निकालानंतर योझेफनं स्वतः ठोकलेली ती चौकट आजवर कुणी उघडली नव्हती, ती मिलाननं उघडली. आणि वाचता वाचता अडखळला.

"योझेफ हुदाक. डाव्या कोपऱ्यात शेपूट आहे. वेराला दिसलं, तिचे कान लाल झाले, तरी तिनं पहिला नंबर दिला. आता हिला मागणी घालायलाच हवी."

"एकोणतीस वर्षं संसार केला," वेरा हसता हसता रडायला लागली, "आणि एका शब्दानं बोलला नाही गं बाई!"

घरी येऊन तिनं फोटो पुन्हा त्याच खिळ्याला टांगला. लिहिलेली बाजू पुढे करून.