भिंतीच्या आधीचं वळण

गेल्या शुक्रवारी सकाळी आम्ही मेसईदहून दोह्याला निघालो. पुढे मी आणि मिलिंद, मागे सानिका आणि तिच्याएवढीच तिची किटबॅग.

सानिका आमची एकुलती एक, वय चौदा. मॉलमधल्या बर्फावर आइस हॉकी खेळते. हो, कतारमध्ये... हे सांगितलं की लोक आधी हसतात. नाशिकचा माझा भाऊ तर दर फोनला विचारतो, "काय गं ताई, वितळला का नाही तुमचा बर्फ अजून?"

त्या दिवशी कॅनडाहून आलेले एक प्रशिक्षक तिचा खेळ बघणार होते. तिकडच्या एका निवासी हॉकी अकादमीसाठी ते मुलं-मुली निवडतात. ते हो म्हणाले तर सानू पुढच्या वर्षी तिकडे जाणार, कदाचित पुढे हेच तिचं करिअर होणार. नाही म्हणाले तर... या "तर"च्या पुढचं वाक्य आमच्या घरात कुणी पूर्ण केलेलं नव्हतं.

निघताना मी तिच्या हातावर दही ठेवलं. "आई, इट्स नॉट अ बोर्ड एक्झाम," ती म्हणाली. पण चाटून पुसून खाल्लं.

मॉल अजून उघडायचा होता. रिकाम्या बर्फावर ती आणि तिच्या क्लबची मुलं, एवढीच. ती काळी रबरी चकती तिच्या काठीला चिकटल्यासारखी फिरत होती. प्रशिक्षक कठड्याला टेकून शांतपणे बघत होते. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी आपली त्यांच्या भुवया वाचत होते.

नंतर बाजूच्या कॉफीशॉपमध्ये आम्ही चौघं बसलो. बोलणं अर्थातच इंग्रजीत. मिलिंद प्लांटमध्ये एवढ्या मोठमोठ्या मीटिंगा करतो, पण इथे त्याने काय विचारावं? "सर, दहापैकी किती?"

सानूने डोळे मिटून घेतले. "बाबा, प्लीज."

प्रशिक्षक हसले. माणूस सभ्य होता. म्हणाले, हात चांगले आहेत, खेळ वाचते, कुठला खेळाडू पुढे कुठे जाणार हे तिला आधी कळतं. ताकद काय, वयाबरोबर येईल. मी टेबलाखाली मिलिंदचा हात घट्ट धरला.

मग त्यांनी टॅबलेट पुढे सरकवला. हिवाळ्यात ती शेजारच्या देशात एक स्पर्धा खेळली होती, पूर्ण मापाच्या बर्फावर. त्याचं शूटिंग आम्हीच त्यांना पाठवलं होतं. "इथे बघा," ते म्हणाले.

सानू चकती घेऊन सुसाट निघाली होती. पुढे कुणी नाही, मोकळा बर्फ... आणि ती अचानक वळली. भिंतीपर्यंत अजून एक अख्खी गाडी उभी राहील एवढी जागा होती. त्यांनी दुसरा तुकडा लावला. तिसरा लावला. दर वेळी तेच.

आमच्या मॉलचा बर्फ छोटा आहे. सहाव्या वर्षापासून ती तिथेच खेळली, त्यामुळे भिंत कुठे येणार हे तिच्या पायांनी पाठ केलंय. मोठ्या बर्फावरही तिचे पाय त्याच न दिसणाऱ्या भिंतीपाशी वळतात. डोक्याला कळतं, पायांना नाही.

हे मोडता येतं का, मी विचारलं. येतं, ते म्हणाले. पण त्यांच्याकडे जागा मोजक्या, आणि येणाऱ्या मुली लहानपणापासून मोठ्या बर्फावर खेळलेल्या. दहाव्या वर्षी भेटली असती तर नक्की घेतली असती. आता दोनेक वर्षं तिला मोठ्या बर्फावर खेळू द्या, मग बघू.

"तुम्हाला तिकडे शिफ्ट होता येईल का?" त्यांनी अगदी सहज विचारलं. जणू आम्ही टेबल बदलत होतो. मिलिंदचा व्हिसा, त्याची नोकरी, तिची शाळा... कुठून सुरुवात करायची? मग त्यांनी आणखी एक विचारलं, ही खेळेल कुठल्या देशाकडून?

ती जन्मली इथे, पण इथली नाही. जिथली आहे तिथे सुट्टीपुरती जाते. सानूच म्हणाली, "इंडिया, आय गेस." मग उठली आणि म्हणाली, थोडा वेळ स्केट करून येते.

आता मॉल उघडला होता. बर्फावर प्लॅस्टिकच्या पेंग्विनला धरून चालणारी चिमुरडी, त्यांचे फोटो काढणारे आईबाप. सानू त्यांच्यातून वाट काढत टोकाला गेली, मोकळी जागा बघून वळली आणि सरळ समोरच्या भिंतीच्या दिशेने सुटली.

तिच्या नेहमीच्या वळणाची जागा आली... गेली. "सानू!" मी ओरडले. धाड! खांद्यावर आदळून ती खाली बसली. गार्ड शिट्टी मारत धावला.

अंगावर पॅड होते, लागलं काही नाही. उठून आमच्याकडे आली. हेल्मेटच्या जाळीतून ती हसतेय की रडतेय, कळेना. घरात आम्ही मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तरं देते, वर्षानुवर्षं हेच चाललंय. त्या दिवशी मात्र म्हणाली, "आई, भिंत खरंच जवळ आहे गं."

मी हेल्मेटसकट तिला जवळ घेतलं.

त्या प्रशिक्षकांना आभाराचा मेल लिहायचाय. त्यांनी खोटी आशा लावली नाही, आजकाल एवढंही कोण करतं? पण लिहायला बसले की टॅबलेटवरचे ते तुकडे आठवतात. त्या प्रत्येक वळणावर कॅमेऱ्यामागून माझाच आवाज येत होता, आनंदाने फाटलेला...

"शाब्बास सानू! शाब्बास!"