एकशे सत्तावीसचा ताप

हसायचं असंल तर आधी चहाची कपबशी खाली ठेवा, न्हायतर माझा पराक्रम ऐकून चहा नाकातनं यील!

आमची सून रेखा घरी बसून कॉम्प्युटरवर टॉवेलच्या नक्ष्या काढती, एका कारखान्यासाठी. त्या दिवशी संध्याकाळपातूर मोराची नक्षी द्यायची हुती. न्हाय दिली तर काम दुसरीकडं जाणार. आणि नेमका कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागला. सोलापूरचा वैशाख! हितं माणसं बंद पडत्यात, मशीनचं काय घेऊन बसलाय?

रेखानं त्याचा डबा उघडला आणि आतल्या भागांची गरमी दाखवणारे आकडे पडद्यावर आणले. त्यातल्या तिघांना नावच न्हाय. आणि तिसरा तर, अगं बया, एकशे सत्तावीस!

"आत्या, कुठला आकडा कुठल्या भागाचा तेच कळंना. मी केस वाळवायच्या मशीननं एकेका जागी गरम वारं मारते. तुम्ही फक्त बघा, कुठला चढतोय."

अक्षराशी माझं कधी जमलं न्हाय, पण आकडे? सारा जन्म बाजारात भाजी विकली की!

"चढला! पयला चढला!"

"हा मेन चिपचा. आता?"

"दुसरा!"

"हा डिस्कचा. आणि तिसरा?"

"जागचा हालंना."

तिनं कोपरान् कोपरा तापवला. तिसरा ढिम्म! तेवढ्यात कारखान्याच्या मालकाचा फोन आला आणि ती बोलायला गच्चीवर पळाली.

मी म्हणलं, लालबुंद तवा आणखी काय तापणार? ह्यो भाग जळतोय! कूलर ओढून डब्याफुडं लावला. पयला उतरला, दुसरा उतरला. तिसरा एकशे सत्तावीसच!

मग मात्र शेजारच्या पद्माला हाक मारली. "पद्मे, पळ! मशीन एकशे सत्तावीसवर गेलंय!"

"अय्यो! शंभरला पाणी उकळतंय की आज्जी! हे आता फुटतंय!"

पद्मानं आपला गॅस बंद केला, सासऱ्याला खाटेसकट बाहेर काढलं. गल्ली दारात गोळा. कुणी वाळूची बादली आणली, कुणी ओलं पोतं.

"आज्जी, लांब व्हा!"

मी कसली लांब हुतीय? पदर खोचला आणि प्लग उपटला!

पडदा काळा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात रेखा जिन्यावरनं आली.

"आत्या! पिसारा सेव्ह केला नव्हता!"

मोर वाचला, पिसारा गेला. लांडा मोर कोण घेणार? गल्ली अशी पांगली, जशी कधी आलीच नव्हती.

रेखानं लगीच खुर्ची ओढली. प्लग लावला आणि कूलरच्या वाऱ्यात पिसारा परत काढाय बसली. मशीन एकदाबी बंद पडलं न्हाय! मी कोपऱ्यात घामानं निथळत, पदरानं वारा घेत गप. दिवेलागणीला नक्षी गेली, मालकाचं 'पास' आलं, तवा कुटं माझ्या जिवात जीव आला.

जीव आला तशी जीभबी आली.

"पण रेखा, त्या तिसऱ्याचं काय गं? अजून एकशे सत्तावीसच हाय की!"

"त्याला काय धाड भरलीय, आत्या? तिथं आत काही जोडलेलंच नाही. आत मोकळं असलं की असाच मोठाच्या मोठा आकडा दिसतो."

पद्मा दारातच हुती. तिनं आधी पडद्याकडं बघितलं, आणि मग सावकाश माझ्या डोक्याकडं.